दोन कानांचा हिशोब : एमपी३ घडताना अडलेला एक आवाज

जर्मनीतल्या एर्लांगेन-न्युर्नबर्ग विद्यापीठात १९८८च्या सुमारास कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांचा पीएचडीचा प्रबंध शेवटाला आला होता. विषय होता संगीत कमीत कमी बिटांत कसं बसवायचं. त्यांची ओसीएफ नावाची पद्धत तोवर बरीच हाताशी आली होती. जे जे तिच्यातून काढून पाहिलं ते बहुतेक ऐकायला ठीक लागत होतं. त्याच दिवसांत एका हाय-फाय मासिकात त्यांच्या वाचनात आलं की स्पीकरची पारख करायला सुझॅन वेगा या अमेरिकी गायिकेचं ‘टॉम्स डायनर’ हे गाणं वापरलं आहे. १९८७च्या अल्बममधलं हे गाणं दोन मिनिटांच्या आसपासचं. साथीला गिटार नाही, ड्रम नाही, काहीच नाही. नुसता बाईंचा आवाज. ब्रांडेनबुर्ग यांनी ते आपल्या एनकोडरमधून, म्हणजे संगीत लहान करून लिहिणाऱ्या यंत्रणेतून काढलं, आणि ज्या बिटरेटला (म्हणजे सेकंदाला जितके बिट खर्चून) बाकी सगळं छान वाटत होतं त्याच बिटरेटला हा आवाज मात्र ऐकवेना.

एमपी३बद्दल लिहिताना हा किस्सा बहुतेक जण सांगतात, पण तो किस्सा म्हणूनच संपतो. आवाज नेमका का बिघडला हे सहसा कुणी सांगत नाही. खरं तर एकट्या आवाजाचं गाणं सगळ्यात सोपं जायला हवं होतं. माहिती थोडी, म्हणजे बिटही थोडे लागायला हवेत. झालं उलटंच. शंभर वाद्यांचा ताफा पार झाला आणि एक माणूस अडला. त्याचं उत्तर कानाच्या शास्त्रात आहे, आणि थोडक्यात सांगायचं तर ते असं : एनकोडरने जो ऐकणारा गृहीत धरला होता, त्याला एकच कान होता.

दीड बिटाचा संसार

आधी पैशाअडक्याचा, म्हणजे बिटांचा हिशोब. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाच्या लहरीची मापं, असतात, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, चॅनेल दोन. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट. एर्लांगेनचे प्राध्यापक डीटर झाइट्झर यांच्या डोक्यात १९७०च्या दशकातच टेलिफोनच्या तारेवरून चांगल्या दर्जाचं संगीत पाठवायची कल्पना घोळत होती. येऊ घातलेल्या आयएसडीएन या डिजिटल टेलिफोन सेवेत ग्राहकाला ६४ किलोबिटचे दोन मार्ग मिळणार होते. दोन्ही एकत्र वापरले तरी १२८ किलोबिट, म्हणजे सीडीच्या जेमतेम अकराव्या हिश्श्याइतके. पेटंटच्या परीक्षकाने ‘हे अशक्य आहे’ म्हणून अर्ज परत केला, तेव्हा झाइट्झरनी हा प्रश्न आपल्या एका विद्यार्थ्याकडे सोपवला. तो विद्यार्थी म्हणजे ब्रांडेनबुर्ग.

परीक्षकाचं काही अगदीच चुकलं नव्हतं. दोन्ही चॅनेलचे मिळून सेकंदाला ८८,२०० नमुने; त्यांत १२८ किलोबिट वाटले तर एका नमुन्याच्या वाट्याला दीड बिटसुद्धा येत नाही. एक बिट कमी केला की आकडे तेवढे जास्त ढोबळ होतात आणि त्या ढोबळपणाचा गोंगाट सुमारे ६ डेसिबलने वाढतो, हा डिजिटल ध्वनीतला पहिला धडा. १६ वरून दीडवर यायचं म्हणजे गोंगाट गाण्याच्या उरावरच बसला. काहीही न गमावता संगीत लहान करायच्या पद्धती आहेत, पण त्यांनी फाइल साधारण निम्म्यावर येते; तिथून पुढे फारशी हलत नाही.

इथे एक गैरसमज दूर केलेला बरा. ‘एमपी३ कानाला न ऐकू येणारे आवाज काढून टाकतं’ असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते अर्धंच खरं. एनकोडरचं मुख्य काम काढण्याचं नाही, तो गोंगाट *घालतो*. आकडे ढोबळ केले की गोंगाट होणारच. कौशल्य आहे ते तो गोंगाट स्वरांच्या कोणत्या पट्टीत, किती आणि कोणत्या क्षणी पडू द्यायचा यात. ही जागा ठरवायला कान कसा चालतो हे माहीत असावं लागतं.

कान काय झाकतो

ते काम इतरांनी बरंच आधी करून ठेवलं होतं. आतल्या कानातली शंखाकृती नळी, कॉक्लिया, उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर भरते. तिच्या पडद्यावर आवाजाची लाट सरकत जाते आणि स्वर जितका उंच तितकी ती दाराजवळ, जितका खालचा तितकी टोकाजवळ शिगेला पोचते. हे दाखवून देणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१चं नोबेल मिळालं. याचा सरळ परिणाम असा की जवळजवळचे स्वर पडद्याच्या जवळजवळच्या जागेसाठी भांडतात. मोठा स्वर वाजत असेल तर शेजारचा बारीक स्वर ऐकूच येत नाही. याला मास्किंग म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत हार्वे फ्लेचर यांनी १९४०च्या सुमारास दाखवलं की एखादा स्वर झाकायला सगळा गोंगाट कामाला येत नाही, त्या स्वराच्या आसपासच्या एका ठरावीक रुंदीच्या पट्टीतला तेवढाच येतो. पुढे एबरहार्ट त्स्विकर यांनी १९६१मध्ये ऐकू येणाऱ्या सगळ्या पल्ल्याच्या अशा २४ पट्ट्या पाडून दिल्या. ५०० हर्ट्झच्या (सेकंदाला ५०० कंपनांच्या) खाली त्या साधारण १०० हर्ट्झ रुंद. त्याच्या वर मधल्या स्वराच्या एक पंचमांशाच्या आसपास.

मास्किंग दोन्ही दिशांना सारखं नसतं. खालचा स्वर वरच्याला जितका झाकतो तितका वरचा खालच्याला झाकत नाही. काळाच्या बाबतीतही असाच पक्षपात आहे. मोठा आवाज थांबल्यावर शे-दीडशे मिलिसेकंद तरी त्याची सावली मागे राहते. आवाज सुरू व्हायच्या *आधीही* सावली असते, पण अगदी आखूड, काही मिलिसेकंदांपुरती.

हे सगळं एनकोडरमध्ये बसवायची रीत अशी : गाण्याचे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा वर्णपट, म्हणजे कोणता स्वर किती जोरात आहे याचा तक्ता, काढायचा, प्रत्येक पट्टीत किती गोंगाट झाकला जाईल याची रेषा आखायची आणि त्या रेषेखाली मावेल एवढ्याच बारकाईने आकडे लिहायचे. एमपी३मध्ये वर्णपटाचे ५७६ भाग असतात, आणि मानसध्वनिशास्त्राचं, म्हणजे माणूस कसा ऐकतो या शास्त्राचं, मॉडेल दर तुकड्याला ही रेषा नव्याने आखतं.

रेषेच्या आधाराने काम केलं की काय साधतं याचं प्रात्यक्षिक १९९०मध्ये बेल लॅब्जमध्ये जेम्स जॉन्स्टन आणि ब्रांडेनबुर्ग यांनी दाखवलं होतं. एकाच गाण्यात दोन प्रकारे गोंगाट मिसळायचा, दोन्हीकडे मोजमाप तेच, गाणं गोंगाटापेक्षा १३ डेसिबल वर. एकात गोंगाट सगळीकडे सपाट पसरलेला. तो ऐकताना सुसाट फुसफुस, डोकं उठवणारी. दुसऱ्यात गोंगाट मास्किंगच्या रेषेच्या आकाराने मुरडलेला. तो जवळजवळ कळतच नाही. ध्वनिशास्त्रातले लोक याला ‘१३ डेसिबलचा चमत्कार’ म्हणतात. माझ्या मते कुठल्याही ध्वनी-अभियंत्याने हे प्रात्यक्षिक एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावं, कारण नंतर उपकरणाच्या माहितीपत्रकातला ‘सिग्नल टू नॉइज’चा आकडा बघण्याची नजरच बदलते. दोन्ही नमुन्यांना मीटर सारखेच गुण देतो.

मग बाईंचा आवाज का अडला

रेषा चुकीच्या जागी आखली गेली म्हणून. पण ती चुकण्याची कारणं एकापेक्षा जास्त होती आणि एकमेकांत गुंतलेली होती.

एक तर स्वर आणि गोंगाट यांचं नातं उफराटं आहे. गोंगाटाची पट्टी तिच्यातला स्वर सहज झाकते. गोंगाट स्वरापेक्षा चार-पाच डेसिबल वर असला तरी भागतं. पण शुद्ध स्वराने गोंगाट झाकायचा असेल, तर गोंगाट कितीतरी खाली, वीसेक डेसिबल किंवा त्याहून खाली असावा लागतो. १९७२मध्ये रोना हेलमन यांनी हा फरक नीट मोजला होता. एनकोडरमध्ये नेमकं हेच दुसरं काम असतं, कारण झाकायचा आहे तो गोंगाट. वाद्यवृंदात पन्नास वाद्यांचे स्वर एकमेकांत मिसळून पट्ट्या आपोआप गजबजतात, तिथे गोंगाटाला लपायला भरपूर जागा. एकट्या बाईच्या आवाजात मूळ स्वर दोनशे हर्ट्झच्या आसपास, वर त्याचे उपस्वर, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट हर्ट्झचे स्वर, आणि त्यांच्या मधे मोकळी जागा. खालच्या पट्ट्या शंभरेक हर्ट्झच्याच, म्हणजे एका पट्टीत एक उपस्वर आणि शेजारची कधी कधी रिकामीच. लपायला जागाच नाही.

काळाचीही अडचण होती. बोलण्या-गाण्यात कंठातून हवेचे झटके येतात. दोनशे हर्ट्झच्या स्वराला दर ५ मिलिसेकंदांनी एक. एनकोडरचा तुकडा त्याहून पुष्कळ लांब. पुढे ठरलेल्या एमपी३मध्ये ५७६ नमुन्यांचा एक भाग १३ मिलिसेकंदांचा आणि अशा दोन भागांची चौकट २६ मिलिसेकंदांची आहे. एका तुकड्यात तयार झालेला गोंगाट त्या तुकड्यात सगळीकडे सारखा पसरतो. झटक्यावरही पडतो आणि दोन झटक्यांमधल्या तुलनेने शांत जागेवरही पडतो. तिथे तो उघडा. तुकडा लहान करावा तर उपस्वर वेगळे ओळखू येत नाहीत आणि बिट जास्त लागतात. कॅस्टनेटसारख्या, म्हणजे स्पॅनिश चिपळ्यांच्या, एकदम फुटणाऱ्या नादाला लहान तुकडा हे उत्तर आहे. तिथे दोष ‘प्री-एको’चा असतो : ठोका पडण्याआधीच त्याच्या गोंगाटाची फुसकी ऐकू येते, कारण आधीची सावली आखूड. एमपी३ अशा वेळी १९२ नमुन्यांच्या, सुमारे साडेचार मिलिसेकंदांच्या तुकड्यांवर उतरतं. बासरीसारख्या संथ नादाला लांब तुकडा. मानवी आवाज दोन्हींच्या मधे अडकलेला. लांब तुकडा बेताचा, आखूड तुकडाही बेताचा.

एवढ्यानेही आवाज खरखरीत झाला असता, ऐकवेनासा झाला नसता. खरी गोम तिसरी आहे.

‘टॉम्स डायनर’चं ध्वनिमुद्रण स्टिरिओ आहे. आवाज बरोबर मध्यभागी, म्हणजे डाव्या-उजव्या चॅनेलमध्ये अगदी सारखा, आणि भोवती खोलीचा थोडासा घुमारा. एनकोडर डावा चॅनेल वेगळा आणि उजवा वेगळा लिहीत होता. दोन्हीकडे रेषा नियमाप्रमाणे आखली जात होती, दोन्हीकडे गोंगाट रेषेखाली होता. पण डावीकडचा गोंगाट आणि उजवीकडचा गोंगाट यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन वेगळ्या हिशोबांतून आलेले ते. हेडफोन लावला की आवाज डोक्याच्या मधोमध उभा राहतो आणि गोंगाट मात्र त्याच्या भोवती डावीकडे-उजवीकडे पसरतो. जो आवाज त्याला झाकणार, तो एका जागी आणि गोंगाट दुसऱ्याच.

दोन कानांनी ऐकताना मेंदू दोन्हीकडच्या लहरींची तुलना करतो. दोन आवाज वेगवेगळ्या जागांहून येत असतील तर तो ते सुटे करतो. लग्नाच्या हॉलमधल्या कलकलाटात समोरच्या काकूंचं बोलणं समजत असतं ते बरंचसं याच्या जोरावर. एका कानात बोट घालून पाहा, लगेच जड जायला लागतं. १९४८मध्ये आयरा हर्श आणि जे. सी. आर. लिक्लायडर यांनी वेगवेगळ्या प्रयोगांत हे मोजलं होतं. झाकणारा आवाज दोन्ही कानांत सारखा आणि झाकला जाणारा आवाज दोन्ही कानांत वेगळा असेल, तर खालच्या स्वरांत सुमारे १५ डेसिबलपर्यंत मास्किंग उडून जाऊ शकतं. वरच्या स्वरांत, दीड-दोन हजार हर्ट्झच्या पलीकडे, हा फरक दोन-तीन डेसिबलवर येतो. गायिकेच्या आवाजाचा गाभा, मूळ स्वर आणि पहिले दोन उपस्वर, जिथे हा परिणाम सगळ्यात जोरात असतो त्याच पल्ल्यात होता.

त्स्विकरांच्या पट्ट्या, हेलमनचा फरक, झाकणाऱ्या रेषा हे सगळं एका कानाबद्दलचं ज्ञान. ते डाव्या चॅनेलला लावलं, मग उजव्याला लावलं आणि दोन बरोबर उत्तरांची बेरीज चूक निघाली. एका कानाने ऐकू न येणाऱ्या माणसाला या बिघाडाचा हा भाग जाणवलाही नसता.

वाद्यवृंदाचं हे झालं नाही, कारण तिथे वाद्यं स्वतःच डावी-उजवीकडे पसरलेली असतात. गोंगाट जिकडे जाईल तिकडे त्याला झाकायला कुणीतरी असतंच.

बेरीज आणि वजाबाकी

ब्रांडेनबुर्ग १९८९-९०मध्ये अमेरिकेत मरी हिलच्या बेल लॅब्जमध्ये होते. तिथे जॉन्स्टन स्वतंत्रपणे जवळपास तसाच एनकोडर घडवत होते. दोन्ही बाजूंनी एकाच डोंगराला लावलेले बोगदे मधे भेटावेत तसं हे झालं. स्टिरिओच्या दुखण्यावर जो उपाय निघाला त्यात जॉन्स्टन यांचा वाटा मोठा आहे.

उपाय सांगायला सोपा आहे. डावा आणि उजवा लिहू नका. त्यांची बेरीज लिहा आणि वजाबाकी लिहा. ऐकताना बेरीज-वजाबाकीवरून पुन्हा डावा-उजवा करता येतो. स्टिरिओ एफएम रेडिओतही हीच जोडी वापरतात, तिथलं कारण वेगळं : मोनो रेडिओवाल्यांना नुसती बेरीज ऐकता यावी. इथे तिचा उपयोग गोंगाटाला जागा द्यायला केला. बेरजेत पडलेला गोंगाट उलट फिरवताना दोन्ही कानांत अगदी सारखा जातो, म्हणजे तोही मध्यभागी, आवाजाच्या मागेच, उभा राहतो. झाकणारा आणि झाकला जाणारा एका जागी आले. शिवाय मधल्या आवाजाची वजाबाकी जवळपास शून्य. तिथे वाचलेले बिट बेरजेला देता येतात.

पण हा उपाय आंधळेपणाने सगळीकडे लावता येत नाही. समजा एक गिटार फक्त डावीकडे आहे. तिची बेरीज-वजाबाकी करून लिहिलं तर गोंगाट दोन्हीकडे वाटला जातो, आणि उजवीकडे तर काही वाजतच नाही, तिथे तो उघडा पडतो. मघाचा रोग औषधातून परत. म्हणून एमपी३ दर चौकटीला निर्णय घेतं, डावा-उजवा की बेरीज-वजाबाकी. या सोयीला जॉइंट स्टिरिओ म्हणतात. आणि वजाबाकीतला गोंगाट दोन कानांत उलट्या दिशेने जातो, म्हणून त्याची रेषा खालच्या स्वरांत जास्त कडक आखावी लागते. स्वस्तातल्या किंवा घाईत लिहिलेल्या एनकोडरांत हा निर्णय वाईट घेतला जायचा, आणि त्यामुळे ‘जॉइंट स्टिरिओ म्हणजे दर्जा कमी’ अशी समजूत पसरली. ती अजून आहे. चांगल्या एनकोडरमध्ये १२८ किलोबिटला जॉइंट स्टिरिओ बंद करणं म्हणजे मधल्या गायकाचं नुकसान करून घेणं.

निर्णय अख्ख्या चौकटीसाठी एकच असतो, हा मात्र एमपी३चा खरा तोकडेपणा. बास मध्यभागी आणि झांज उजवीकडे असेल तर एकाला न्याय देताना दुसऱ्यावर अन्याय होतो. असे तोकडेपण काही अज्ञानातून आलेले नाहीत, काही वाटाघाटीतून आलेत. १९८८मध्ये एमपेग ही आंतरराष्ट्रीय समिती बसली, तिच्यापुढे १४ प्रस्ताव आले आणि त्यांचे चार गट केले गेले. जर्मनीची फ्राउनहोफर संशोधनसंस्था, एटी अँड टी, थॉमसन आणि फ्रान्सची टेलिफोन प्रयोगशाळा यांचा एस्पेक हा प्रस्ताव एकीकडे. फिलिप्स आणि फ्रान्सची सीसीईटीटी व म्युनिकची आयआरटी या संशोधनसंस्था यांचा म्युझिकॅम दुसरीकडे. १९९०मध्ये स्टॉकहोमला स्वीडिश रेडिओने घेतलेल्या श्रवण-चाचण्यांत कमी बिटरेटला एस्पेक जरा सरस, पण म्युझिकॅम बांधायला सोपं. तडजोड म्हणून तीन थर ठरले आणि तिसऱ्या थरात, म्हणजेच एमपी३मध्ये, म्युझिकॅमची ३२ पट्ट्यांची चाळणी आधी, तिच्या पोटात एस्पेकच्या धर्तीचा बारीक वर्णपट अशी खिचडी झाली. या ३२ पट्ट्या सगळ्या सारख्या रुंदीच्या आहेत, कानाच्या पट्ट्या तशा नाहीत. १९९३मध्ये हे प्रमाणक छापून आलं, ‘.एमपी३’ हे फाइलचं शेपूट फ्राउनहोफरमध्ये जुलै १९९५मध्ये ठरलं. १९९७च्या एएसी या पुढच्या पिढीत खिचडी काढून टाकली, बेरीज-वजाबाकीचा निर्णय पट्टीगणिक घ्यायची सोय केली आणि तुकड्याच्या आतही गोंगाट झटक्यांच्या मागे नेऊन ठेवायची युक्ती आली. मानवी आवाजाला तिचा सगळ्यात जास्त फायदा होतो.

या सगळ्यात न्यायाधीश कोण होता हेही सांगायला हवं. मीटर नाही, कारण मीटर १३ डेसिबलच्या दोन्ही नमुन्यांत फरक करू शकत नव्हता. न्यायाधीश माणसंच. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९४च्या बीएस.१११६ या शिफारशीत त्याची पद्धत बांधून दिली आहे : ऐकणाऱ्याला मूळ नमुना उघड दिला जातो, शिवाय दोन नमुने नाव न सांगता, त्यांतला एक मूळच असतो, दुसरा दाबलेला. ऐकणाऱ्याने आधी कोणता कोणता ते ओळखायचं आणि मग गुण द्यायचे. ज्याला मूळ नमुनाच ओळखता येत नाही त्याचे गुण धरत नाहीत. सराव असलेले कान निवडायचे आणि नमुनेही मुद्दाम अवघड निवडायचे. सरासरी गाण्यांवर सरासरी माणसांनी दिलेली सरासरी इथे काही कामाची नाही. एर्लांगेनच्या एनकोडरची सरासरी छानच होती.

झाकलेलं उघडं पडतं तेव्हा

एमपी३ ऐकणाऱ्याला जे मिळतं ते पाहुणे यायच्या आत पसारा फडताळात कोंबलेल्या घरासारखं असतं. फडताळाचं दार कुणी उघडत नाही तोवर सगळं नीट. पण ध्वनीच्या धंद्यात दारं उघडणारे पुष्कळ.

कराओकेचा ट्रॅक करायला डाव्यातून उजवा वजा करतात, म्हणजे मधला गायक जातो. सीडीवरून केलं तर मागे वाद्यं राहतात. एमपी३वरून केलं तर वाद्यांबरोबर एक बुडबुडणारा, किणकिणणारा कचरा राहतो. तो गायकाच्या आवाजामागे लपवलेला गोंगाट. आवाज काढून घेतला, तो दिसला. इक्वलायझरने वरचे स्वर दहा डेसिबल उचलले तर मॉडेलने धरलेली रेषा तिच्या जागी राहत नाही. मोबाईलमधला ‘थ्रीडी साउंड’ वजाबाकीचा भाग फुगवतो, म्हणजे ज्या गोंगाटाची रेषा सगळ्यात नाजूक तोच वाढवतो. एमपी३ पुन्हा एमपी३ केली, मग ती ब्लूटूथने स्पीकरला पाठवली, की प्रत्येक पायरीला नवा गोंगाट आणि प्रत्येक एनकोडर समोर आलेल्या जुन्या गोंगाटाला संगीत समजून त्याच्यावर बिट खर्च करणार.

आपल्याकडे याचा सगळ्यात जास्त फटका जुन्या गाण्यांना बसला. २०००च्या दशकात रस्त्यावर एका एमपी३ सीडीत शंभर-दीडशे नाट्यपदं, अभंग, भावगीतं मिळायची, नंतर तीच मोबाईल शॉपीतून मेमरी कार्डात भरून मिळू लागली. आवडीने ऐकली लोकांनी, तक्रार नाही. पण बालगंधर्वांच्या काळच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांकडे एनकोडरच्या कानाने बघा. ध्वनिमुद्रण मोनो, म्हणजे दोन चॅनेलांत आवाज सारखा, ‘टॉम्स डायनर’पेक्षाही जास्त मधोमध. तबकडी स्टिरिओ पिकअपने वाजवून उतरवली असेल तर खोबणीच्या दोन भिंतींची खरखर वेगवेगळी येते. वजाबाकीत गाणं शून्य आणि नुसती खरखर शिल्लक. एनकोडर तिच्यावरही बिट उधळतो. ओरखड्यांचे टक्-टक् आवाज त्याला कॅस्टनेटसारखे दिसतात, तो आखूड तुकड्यांवर उतरतो, आणि नेमक्या त्या वेळी ऑर्गनचा लांब स्वर आणि गायकाची तान यांना हवी असलेली बारकाई जाते. उतरवणाऱ्याने आधी दोन्ही चॅनेलची बेरीज करून मोनो केलं असतं, तर खरखरही कमी झाली असती आणि सगळे बिट गाण्याला मिळाले असते.

ख्यालाच्या स्टिरिओ मैफलीत वेगळीच कसरत असते. दोन तानपुरे डावी-उजवीकडे, म्हणजे वजाबाकी भरलेली. तानपुऱ्याचे उपस्वर स्थिर आणि दाट, त्यांना लांब तुकडा हवा. तबल्याची चाट पडली की आखूड हवा. एमपी३मध्ये सोप्या जागी वाचवलेले बिट अवघड जागेसाठी राखून ठेवायची थोडी सोय आहे, पण तानपुरा कधी थांबतच नाही, तेव्हा सोपी जागा येणार कुठून? १९२ किलोबिटच्या वर हे दुखणं बहुतेक कानांना कळेनासं होतं. १२८ला द्रुतातल्या तबल्याच्या कडा मऊ झालेल्या मला तरी कळतात.

एमपी३ची पेटंटं संपून तिचा परवाना-कार्यक्रम २०१७मध्ये बंद झाला, आणि साठवणीची जागा आता एवढी स्वस्त आहे की संग्रहासाठी तिच्याकडे जायचं कारण उरलेलं नाही. घरच्या तबकड्या किंवा कॅसेटी उतरवायच्या असतील तर मूळ प्रत फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवावी. काहीही न गमावता ती साधारण निम्म्या जागेत मावते. तबकडी मोनो असेल तर ऐकायच्या प्रतीसाठी आधी दोन चॅनेलची बेरीज करावी, मग ओरखडे काढावेत आणि सगळ्यात शेवटी, एकदाच, एमपी३ किंवा एएसी करावी. मूळ उतरवलेली दोन चॅनेलची प्रत मात्र पुसू नये : खोबणीची एक भिंत दुसरीपेक्षा कमी झिजलेली असू शकते, आणि पुढे कुणाला तेवढीच बाजू घेऊन जास्त स्वच्छ गाणं काढता येईल.